माझ्या चेहऱ्याचा देवदूत

आमच्याकडे नाताळाला पाहुणे जमले, करंज्यांचा डबा एकदा सगळ्यांत फिरून झाला, की पोरं माझ्याभोवती बसतात. "मावशी, तुझ्या पुतळ्याची गोष्ट सांग." मग मी सांगते. दर वर्षी थोडी वाढवून सांगते, हेही कबूल करते. एका वर्षी त्या पुतळ्यानं मान वळवली होती, एका वर्षी उसासा टाकला होता. गेल्या नाताळात एका चिमुरड्यानं विचारलं, "मागच्या वेळी तर तो चालला होता ना?" तेव्हा ठरवलं, आता एकदाची जशी घडली तशी लिहून काढायची. त्या पुतळ्यानं मान वळवली नाही, उसासा टाकला नाही. तो नुसता उभा होता. तेच जास्त वाईट होतं.

पन्नासच्या दशकातली शेवटची वर्षं. माझे पप्पा तारखात्यात होते आणि बदली होऊन आम्ही नगरकडून जयपूरला आलो होतो. बनी पार्कात एका जुन्या बंगल्याचा अर्धा भाग आम्हाला भाड्यानं मिळाला होता. उरलेल्या अर्ध्यात विमा कंपनीतले एक साताऱ्याकडचे साहेब आणि त्यांची बायको राहत. त्यांना आम्ही काकू म्हणायचो. त्या सोडल्या तर मराठी बोलायला कोणी नाही. त्यातून आम्ही ख्रिस्ती. दूधवाल्या भैयाला हे काही केल्या पचत नसे. "मराठे हो तो ईसाई कैसे? और ईसाई हो तो माताजी साड़ी काहे पहनती हैं?" पप्पा दारात उभं राहून त्याला आजोबांच्या काळापासून समजावून सांगत. सांगून व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी भैया तोच प्रश्न नव्यानं विचारायचा. मला वाटतं, त्याला उत्तर नको होतं, सावलीत उभं राहायला निमित्त हवं होतं.

आम्ही दोघी बहिणी. मी नऊ वर्षांची, धाकटी सहाची. तिला एका जागी बसणं ठाऊक नव्हतं. जेवताना हलायची, प्रार्थनेत हलायची, झोपेतसुद्धा लाथा मारायची. त्या लाथा मी खाल्ल्या आहेत म्हणून सांगते. त्या फेब्रुवारीत तिला घटसर्प झाला आणि आठ दिवसांत ती गेली.

आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळकसाहेब उत्तरेकडचे होते, हिंदी बोलत. माणूस मनानं फार चांगला. अंत्यविधीनंतर आईसमोर बसून म्हणाले, "बहनजी, रोइए मत. बच्ची गई नहीं, देवदूत बन गई है." त्यांच्यामागून मंडळीतल्या बायका एकेक करून येत आणि तेच म्हणत. देवदूत झाली. प्रभूला हवी होती. तुम्ही भाग्यवान. आई प्रत्येकीला मान हलवून "जी" म्हणायची. रडली नाही. मग त्याचंच कौतुक सुरू झालं. "क्या विश्वास है!" म्हणत बायका तिला पुन्हा पाहायला येऊ लागल्या. पाळकसाहेबांनी एका रविवारी उपदेशात तिचं उदाहरण दिलं. सगळे वळून आमच्या बाकाकडे पाहू लागले तेव्हा मी ताठ बसले, कारण मला वाटलं माझ्याकडेही बघतायत.

आई लाकडासारखी बसली होती. खरं सांगायचं तर आई त्या आठवड्यातच घरातून निघून गेली होती. फक्त स्वयंपाकापुरती यायची.

मार्चमध्ये आम्ही कबरस्तानात गेलो. धाकटीची कबर म्हणजे अजून मातीचा उंचवटाच होता. चार कबरींपलीकडे कुणा जुन्या साहेबाच्या बाळाची कबर होती आणि तिच्यावर संगमरवरी देवदूत होता. एक पंख तुटलेला, कबुतरांनी डोकं पांढरं केलेलं. आई तिथं बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "अहो, हिलाही असाच हवा."

महिनाभरात तिनं मागितलेली ही पहिली गोष्ट. तिनं चंद्र मागितला असता तरी पप्पांनी तारखात्याची शिडी लावली असती.

आता जयपूरला संगमरवराची काय वाण. चांदपोलच्या बाजूला मूर्तिकारांची एक अख्खी गल्ली आहे, तिथून देशभरातल्या देवळांत देव जातात. त्या गल्लीत सगळंच पांढरं होतं. माणसं पांढरी, शेळ्या पांढऱ्या, चहावर पांढरी साय, तीही दुधाची नव्हे. पप्पा मला घेऊन एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेले. त्यानं उभ्या आयुष्यात देव घडवले होते, देवदूत पाहिला नव्हता. पप्पांनी तारेच्या फॉर्मच्या कोऱ्या बाजूवर पंख काढून दाखवले.

"अच्छा, गरुडजी!"

"नहीं नहीं. बच्ची है. पंख हैं."

"गरुडजी की बच्ची?"

पप्पांनी घाम पुसला. बऱ्याच खटपटीनं त्याला एवढं कळलं, की मुलगी गेली आहे, तिची मूर्ती हवी आहे, पंख असलेली, आणि चेहरा तिचाच हवा. "फोटो दीजिए," तो म्हणाला.

फोटो एकच होता. दिवाळीच्या सुट्टीत स्टुडिओत जाऊन चौघांचा काढलेला. फोटोवाल्यानं "रेडी" म्हटलं आणि नेमकी धाकटी हलली. आम्ही तिघं स्पष्ट आलो होतो, मी तर नको इतकी. मधे तिचा फ्रॉक होता, बूट होते, आणि फ्रॉकच्या वर जिथं चेहरा हवा तिथं नुसता पांढुरका धूर. म्हाताऱ्यानं तो फोटो उजेडात धरला, तिरका केला, परत दिला. मग त्याची नजर माझ्यावर आली.

"यह कौन?"

"बड़ी बेटी."

"सूरत मिलती थी?"

पप्पांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. आमच्या दोघींची नाकं सारखी होती, म्हणजे पप्पांची होती, एवढंच. बाकी ती आईवर गेली होती आणि मी कुणावर गेले होते याचा शोध अजून चालू आहे. पण पप्पांना रिकाम्या हातानं घरी जायचं नव्हतं. ते म्हणाले, "थोड़ी."

"तो बिठाओ."

अशी मी बसले. दर रविवारी उपासना आटोपली की पप्पा मला सायकलवरून त्या गल्लीत नेत आणि मी एका दगडावर दुसरा दगड होऊन बसे. पहिले दोन रविवार मला फार मोठेपणा वाटला. वर्गात मी दोन मैत्रिणींना सांगितलंसुद्धा, की माझा पुतळा होतोय. महात्माजींचा असतो तसा. म्हातारा एका लोखंडी चिमट्यासारख्या मापानं माझं कपाळ मोजायचा, नाक मोजायचा, ओठांची रुंदी मोजायचा. माप गालाला लागलं की गार लागायचं. "हिलना मत, बिटिया." मी हलत नसे. माझ्या आयुष्यात मी एवढी चांगली कधीच वागले नाही.

त्याच्यामागे भिंतीला लागून देव उभे असत. राम, सीता, गणपती, देवी, ओळीनं. सगळ्यांना मुकुट, दागिने, हातातली फुलं, सगळं कोरून झालेलं. डोळे मात्र नाहीत. डोळ्यांच्या जागी सोललेल्या अंड्यासारखे दोन गुळगुळीत उंचवटे. वीस-पंचवीस चेहरे, आणि सगळ्यांचा रोख माझ्याकडे.

"बाबा, ये सब अंधे हैं?" मी न हलता विचारलं.

"अंधे नहीं. आँख आख़िर में खुलती है. मालिक के घर, मालिक के सामने. तब तक पत्थर है."

हे मी पप्पांना सांगायला हवं होतं. पण जाताना पप्पांनी मला फालुदा दिला आणि मी विसरले. एका फालुद्यापायी काय काय झालं ते पुढे येतंच आहे.

मेच्या पहिल्या आठवड्यात उंटगाडीवरून मूर्ती आली, गवतात गुंडाळलेली. पप्पांनी आणि गाडीवाल्यानं मिळून ती मधल्या खोलीत नेली आणि बदलीच्या सामानाच्या लाकडी खोक्यावर उभी केली. आमच्या घरी निम्मं फर्निचर ती खोकीच होती. गवत काढलं. पंख होते, हंसाचे असतात तसे. पण पायाखाली कमळ होतं. डोक्यावर ओढणी होती, हातात कंगन होतं. म्हाताऱ्याच्या हाताला जे वळण होतं तेच उतरलं होतं. आणि ओढणीखाली माझा चेहरा होता. माझं नाक, माझी हनुवटी, उजव्या बाजूला किंचित वर गेलेला माझा ओठ. डोळे नव्हते.

काकू बघायला आल्या. "अगं बाई, वहिनी, ही तर थोरलीच की हो!" एवढं बोलून त्यांनी जीभ चावली आणि दूध उतू जातंय म्हणत निघून गेल्या.

आई मूर्तीजवळ गेली, पदराचं टोक ओलं केलं आणि तिच्या गालावरची गवताची काडी टिपली.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब आले. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. "भाईसाहब, यह तो देवी है."

"देवदूत आहे साहेब. मतलब... देवदूतच सांगितला होता."

"कमल पर?"

कबरस्तानात ही मूर्ती बसवता येणार नाही, मंडळीत गडबड होईल, असं ते अगदी हळू आवाजात सांगून गेले. आवाज हळू असला तरी आईनं ऐकलं. पप्पा सायकल काढून म्हाताऱ्याकडे गेले, निदान डोळे का राहिले ते विचारायला. म्हातारा म्हणाला, राहिले नाहीत, ठेवलेत; तुम्ही मुहूर्त काढून निरोप द्या, मी येऊन उघडतो. पप्पा म्हणाले, आमच्यात मुहूर्त नसतो. "फिर आँख कैसे खुलेगी?" त्यानं विचारलं. पप्पा सायकल वळवून घरी आले.

म्हणून मूर्ती मधल्या खोलीतच राहिली.

जयपूरचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना ती दुपार वेगळी सांगायला नको. लू, म्हणजे तिकडचा पोळणारा वारा, सुरू झाली की दारं-खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावायचे, त्यांच्यावर पाणी मारत राहायचं. खोलीत हिरवट अंधार व्हायचा, विहिरीच्या तळाशी असतो तसा. बाहेर मोर ओरडायचे. बनी पार्कात तेव्हा मोर फार, आणि मोराचं ओरडणं दुपारच्या शांततेत ऐकलं की कुणीतरी कुणालातरी लांबून हाक मारतंय असं वाटतं. त्या अंधारात खोक्यावर ती पांढरी उभी असायची. मी खोलीत शिरले की मला आधी माझा चेहरा दिसे आणि मग बाकीची खोली.

भांडी घासायला येणारी बाई जाता-येता तिला हात जोडू लागली. एके दिवशी मूर्तीच्या कपाळावर कुंकू दिसलं आणि पायाशी मोगरा. आईनं कुंकू पुसलं. मोगरा तसाच राहू दिला. मग आई रोज तिचं तोंड पुसू लागली. आधी कपाळ, मग गाल, मग हनुवटीखाली, जिथं लहान मुलांच्या जेवणाचं सांडलेलं अडकतं तिथं. आंधी, म्हणजे वाळूचं वादळ, येणार असं दिसलं की तिच्यावर शाल घालू लागली. दुपारी आम्ही आडवे झालो की मधल्या खोलीतून बोलण्याचा आवाज यायचा. प्रार्थना असेल म्हणून मी कान दिला. प्रार्थना नव्हती. आज भेंडी निबर निघाली, असं ती सांगत होती.

माझ्याशी ती दिवसभरात चार शब्द बोलत असेल. तेही पाणी आण, दार लाव. हाक मारली तर धाकटीच्या नावानं मारायची. पहिल्यांदा मी म्हटलं, "आई, मी थोरली." तिनं माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या दिशेनं पाहिलं. नंतर मी नुसती ओ देऊ लागले.

मी तशी अंधश्रद्धाळू नव्हते. रविवारच्या शाळेत बक्षिसं मिळवलेली मुलगी. पण माझ्या डोक्यात एक हिशेब शिरला, की चेहरा एक आहे आणि डोळ्यांची जोडी एकच आहे. तिचे उघडले की माझे मिटणार. मी सकाळी उठल्या उठल्या समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे वाचून बघू लागले. एकदा मला आठ आणि तीन ओळखता आले नाहीत आणि मी धाय मोकलून रडले. पप्पांनी चष्म्याच्या दुकानात नेलं. दुकानदार म्हणाला, डोळे उत्तम, डोकं तपासा.

मग मी एक प्रयोग केला. त्या वयात मला प्रयोगांची हौस होती, मागे मांजरीला चुना खाऊ घातला होता. एका दुपारी मी डोक्यावरून आईची पांढरी शाल घेतली आणि मूर्तीशेजारी जाऊन उभी राहिले. खोक्याच्या उंचीमुळे तिचा चेहरा बरोबर माझ्या चेहऱ्याच्या रेषेत यायचा. मी डोळे मिटले. आई येईल, दचकेल, ओरडेल, मला एक धपाटा घालेल, एवढीच माझी अपेक्षा होती. खरं म्हणजे तो धपाटाच मला हवा होता.

आई आली. वाटीतल्या पाण्याचा आवाज आला. ओलं फडकं दगडावरून फिरल्याचा आवाज आला, कपाळ, गाल, हनुवटी. मग ते फडकं माझ्या कपाळावर आलं. तितकंच हलकं. कपाळ, गाल, हनुवटीखाली. मधे ती थांबली नाही, श्वाससुद्धा बदलला नाही. वाटी उचलली आणि गेली.

मी किती वेळ तशी उभी होते ठाऊक नाही. डोळे उघडायची हिंमत झाली नाही. हे मी पोरांना सांगताना कधीच वाढवलेलं नाही, कारण त्याच्यापेक्षा जास्त मला वाढवता आलं नाही.

त्याच संध्याकाळी आई पप्पांना म्हणाली, "त्या कारागिराला बोलवा. डोळे उघडून घ्यायचेत."

"अगं पण... पाळकसाहेबांना विचारू या एकदा."

"त्यांनीच सांगितलं ना देवदूत झाली म्हणून? मग बघू दे की तिला."

पप्पा ओसरीवर जाऊन बसले. काकूंचे साहेब बाहेर खुर्ची टाकून वारा घेत होते, त्यांना पप्पा म्हणाले ते मी खिडकीतून ऐकलं. "डोळे उघडले ना, तर ही त्या खोलीतून परत यायची नाही. मोठी असून नसल्यासारखी झालीय हिला." मोठी म्हणजे मी. साहेब म्हणाले, "मग बोलवू नका." पप्पा म्हणाले, "नाही म्हणायचं धाडस नाही हो मला."

म्हातारा जूनमधल्या एका दुपारी आला. पप्पांनी दुसरं काही न सुचून पाळकसाहेबांनाही निरोप दिला होता, तेही आले. सकाळपासून हवा कोंडली होती. तीनच्या सुमारास पश्चिमेकडून आकाश पिवळं झालं, मग तांबडं, आणि आंधी आली. दारं लावून घेतली तरी फटींतून वाळू आत येत होती. खोलीत कंदील लावावा लागला. पाळकसाहेब एका कोपऱ्यात, पप्पा दारापाशी, आई मूर्तीसमोर चटईवर. मी मूर्तीच्या बाजूला भिंतीला चिकटून उभी, कॅलेंडरकडे डोळे लावून. आकडे अजून दिसत होते.

म्हाताऱ्यानं फडकं पसरलं. त्यावर लहान छिन्नी, हातोडी, एक सुईसारखं हत्यार मांडलं. डोळे उघडले की मूर्तीनं आधी स्वतःलाच बघायचं असतं, म्हणून एक आरसा काढून आईच्या हातात दिला. मग त्यानं मूर्तीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "माताजी, किसकी आँख खोलूँ?"

आई म्हणाली, "मेरी बेटी की."

"वह तो ठीक. कौन सी?" त्यानं हातातल्या छिन्नीनं माझ्याकडे दाखवलं. "बनाया तो मैंने इसको है. जो चली गई, उसको तो मैंने देखा ही नहीं."

त्याच्या मनात काही नव्हतं. कारागीर माणूस, काम सुरू करण्याआधी विचारून घेत होता.

बाहेर पत्रा कुठंतरी उडून आपटला. आई मूर्तीकडे बघत राहिली. तिच्या हातातला आरसा हळूहळू कलला आणि मांडीवर पडला. मग तिनं तोंड उघडलं. आमच्या घरी संध्याकाळची प्रार्थना रोज व्हायची, आई डोळे मिटून, हात जोडून, हळू आवाजात करायची. ही प्रार्थना तिनं डोळे उघडे ठेवून, छताकडे बघत, विहिरीवर भांडायला उभी राहिल्यासारखी केली.

"देवा, मला देवदूत नको होता! कोणी मागितला होता तुझ्याकडं देवदूत? माझी पोरगी होती. लाथा मारायची, सांडायची, तीच बरी होती. तुझ्याकडं काय कमी आहेत पंखवाले? तुझाही मुलगा गेला, मला ठाऊक आहे. पण तू तिसऱ्या दिवशी परत घेतलास. माझा कोणता दिवस? सांग की! सगळ्यांना मी जी जी म्हणते. तुला नाही म्हणणार!"

"बहनजी," पाळकसाहेब पुढे आले, "ऐसे नहीं कहते..." त्यांना मराठी येत नव्हती, पण या आवाजाला भाषा लागत नाही. ते अर्ध्यावर थांबले. मग त्यांनी चष्मा काढला आणि तिथंच जमिनीवर, वाळूत, आईशेजारी बसले. त्यांचेही दोन मुलगे लहानपणी गेले होते, हे आम्हाला पुष्कळ नंतर कळलं. ते मोठ्यानं काहीच बोलले नाहीत. मला त्यांनी केलेल्या सगळ्या प्रार्थनांपैकी तीच एक आठवते.

आई म्हाताऱ्याकडे वळली. "चेहरा काढून टाका."

"जी?"

"चेहरा. निकालो. सपाट करो."

म्हाताऱ्यानं कानाला हात लावले. "माताजी, मूरत का मुँह तोड़ना..." मग त्यानं कंदील उचलून त्या दोन गुळगुळीत उंचवट्यांवरून बोट फिरवलं, आणि त्याचा चेहरा मोकळा झाला. "आँख नहीं खुली. अभी पत्थर ही है. पत्थर का क्या दोष."

पहिला घाव नाकावर पडला. मी दोन्ही हातांनी माझं नाक धरलं. तुम्ही हसाल, पण त्या खोलीत कुणी हसलं नाही. मग हनुवटी गेली, मग तो वर गेलेला ओठ. प्रत्येक घावाला आई थोडी हलायची, पण तिनं तोंड फिरवलं नाही. छिन्नीच्या आवाजात आंधीचा आवाज मिसळला होता. मी भिंतीला चिकटून, डोळे घट्ट मिटून उभी होते आणि संगमरवराची भुकटी माझ्यावर बसत होती. केसांत, भुवयांत, पापण्यांवर, ओठांवर. हलायचं नाही, एवढंच मला ठाऊक होतं. त्यात मी आता तयार झाले होते.

आवाज थांबला. मग आईची किंकाळी आली. खोलीत एक पांढरी मुलगी नाहीशी झाली होती आणि दुसरी भिंतीपाशी उभी होती, डोळ्यांशिवाय.

दोन हातांनी मला खांद्यांना धरलं आणि गदागदा हलवलं. "उघड! डोळे उघड! अगं उघड की गं!"

मी उघडले. आईचा चेहरा माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. ती माझ्याकडे बघत होती. माझ्या दिशेनं नव्हे.

मग तिनं मला माझ्या नावानं हाक मारली आणि लगेच ओरडायला सुरुवात केली. "काय हे करून घेतलंयस? केसांत केवढं भरलंय बघ! एवढी घोडी झालीस, बाजूला उभं राहायचं कळत नाही?" मला फरफटत मोरीवर नेलं, डोक्यावर बादली ओतली, शिकेकाई असं काही घासलं की कानामागची साल निघाली. मी मोठमोठ्यानं रडत होते आणि माझ्या आयुष्यात मला एवढं सुख कधी झालेलं नाही. पाठीत एक धपाटाही मिळाला.

त्या दगडाचं पुढे म्हाताऱ्यानं एक साधा चौकोनी शिळाफलक करून दिला. कमळ गेलं, कंगन गेलं, पंखही गेले. वर एक क्रूस आणि खाली धाकटीचं नाव, एवढंच. पाळकसाहेबांनी स्वतः येऊन तो बसवून घेतला आणि पुन्हा कधी आईला उपदेशातलं उदाहरण केलं नाही. आई बरी झाली असं मी म्हणणार नाही. तिच्या वागण्यात एक खड्डा राहिला तो राहिलाच, काही दिवशी आम्ही त्याला वळसा घालून चालायचो. आणि मला अजून आरशात बघताना आधी डोळे तपासायची सवय आहे. या वयात डोळे तपासावेत अशीच अवस्था असते म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. आंधी निवळली होती. घरभर वाळू आणि पांढरी भुकटी. पाळकसाहेबांना आणि म्हाताऱ्याला आईनं जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. उन्हाळ्यात बाजरी खाऊ नये असं जयपूरच्या बायका सांगायच्या, पण घरात तेच पीठ होतं, म्हणून भाकऱ्या झाल्या. म्हातारा आमच्याकडचं खाईल का, अशी पप्पांना शंका होती. तो ओसरीत बसून हातावरच भाकरी घेऊन खाऊ लागला.

पप्पांनी जेवणाआधीची प्रार्थना केली, बरीच लांब. आई म्हणाली, "पुरे आता, गार होतंय." आम्ही पहिला घास घेतला आणि सगळ्यांच्या दातांखाली एकदम कचकच झाली. परातीत भुकटी पडली होती. पाळकसाहेब घास तोंडात तसाच धरून बसले. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं.

आईनं घास चावला. पुन्हा चावला. कचकच ऐकू येत होती. चावता चावता तिचे डोळे भरून आले आणि पाणी सरळ ताटात पडू लागलं, फेब्रुवारीपासून पहिल्यांदाच. पप्पा उठायला लागले, तर तिनं डाव्या हातानं त्यांना बसवलं. पदरानं नाक पुसलं आणि माझ्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली.

"खा," ती म्हणाली. "टाकायची नाही."

आम्ही सगळ्यांनी ती संपवली.